एलएमएस सगळ्यात शेवटी घ्या

संस्थेत ई-लर्निंग आणायचं ठरलं की पहिली मीटिंग कशावर होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही, ती प्लॅटफॉर्मवरच होते. कुठला एलएमएस (म्हणजे कोर्स लोकांना दाखवणारं आणि कोणी काय केलं याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) घ्यायचा, क्लाउडवर की आपल्याच सर्व्हरवर, दर माणशी किती पडेल, मोबाईल ॲप आहे का, डॅशबोर्ड कसा दिसतो. मग तीन-चार व्हेंडर येऊन डेमो देतात, प्रत्येक डेमोमध्ये एक काल्पनिक कर्मचारी दोन मिनिटांत कोर्स संपवतो आणि त्याला चमकणारा बॅज मिळतो, वरच्या मंडळींना रंगीत ग्राफ आवडतात, सह्या होतात. आणि सह्या झाल्यावर कोणीतरी हळूच विचारतं, बरं पण यात टाकायचं काय? मग शोधाशोध सुरू होते, जुन्या ट्रेनिंगच्या पीपीटी बाहेर निघतात, त्यावर व्हॉइसओव्हर चढवला जातो, शेवटी दहा प्रश्नांची क्विझ जोडली जाते आणि झालं, संस्था डिजिटल झाली. त्यानंतर महिनोन्महिने एचआरचे मेल येत राहतात की तुमचा कोर्स अजून बाकी आहे.

हा सगळा क्रम उलटा आहे असं माझं म्हणणं आहे. एलएमएस ही सगळ्यात शेवटी घ्यायची गोष्ट आहे, आणि ती आधी घेतली जाते याचं कारण एवढंच की या सगळ्या प्रकारात तेवढी एकच गोष्ट आयती विकत मिळते. लोक नेमकं कुठे आणि का अडतात हे शोधणं, शिकायला कामाच्या तासांतून वेळ काढून देणं, सुपरवायझरला यात ओढणं, बरे प्रश्न लिहिणं, हे कुठल्याच कोटेशनमध्ये येत नाही, ते संस्थेला स्वतः करावं लागतं आणि ते कटकटीचं आहे. म्हणून ते राहून जातं.

सुरुवात एका प्रश्नापासून करावी आणि त्याचं उत्तर निदान आपसात तरी खरं द्यावं: आपल्याला पुरावा हवाय की काम बदलायला हवंय? पुराव्याची मागणी हलकी आहे असं मी म्हणत नाहीये. नियम सांगतो की आग लागली तर काय करायचं हे प्रत्येकाला सांगा आणि सांगितल्याची नोंद ठेवा, ऑडिटर येऊन ती नोंद मागतो, मोठे ग्राहक करार करताना मागतात. ठीक आहे ना, मग नोंद ठेवा. पण नुसती नोंदच हवी असेल तर ते काम लहानात लहान करा, दोन पानं मजकूर, चार प्रश्न, वाचलं-समजलं असं एक बटण, दहा मिनिटांत माणूस मोकळा. त्यासाठी पाऊण तासाचा ॲनिमेशनवाला कोर्स बनवून त्यात कार्टून बॉस आणि कार्टून कर्मचारी यांचे संवाद घालायची काही गरज नाही, आणि ज्याला ते सगळं आधीच येतं त्याला दर वर्षी तेच परत बघायला लावायची तर अजिबातच नाही. नियमात बसत असेल तर आधी परीक्षा घ्या, पास झाला की सोडून द्या. इतकी साधी सोय पण कितीतरी ठिकाणी नसते.

गडबड होते ती पुराव्यासाठी कोर्स बनवायचा आणि त्याच्याकडून काम बदलायची अपेक्षा ठेवायची, इथे. एलएमएसचा रिपोर्ट नक्की काय सांगतो हे एकदा नीट बघण्यासारखं आहे. आजही कितीतरी कोर्स ज्या पद्धतीने एलएमएसशी बोलतात तिचं नाव स्कॉर्म, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एडीएल नावाच्या उपक्रमातून ती आली, तिची १.२ ही आवृत्ती २००१ सालची आहे आणि अजून बिनदिक्कत वापरात आहे. त्यात कोर्सच्या स्थितीसाठी सहा पर्याय आहेत: पास, फेल, पूर्ण, अपूर्ण, नुसता चाळला, उघडलाच नाही. सोबत गुण, लागलेला वेळ आणि कुठल्या प्रश्नाला काय उत्तर दिलं एवढं ठेवता येतं. एक्सएपीआय नावाची नवी पद्धत २०१३ मध्ये आली, तिच्यात एलएमएसच्या बाहेर घडलेल्या गोष्टी पण नोंदवता येतात, सिम्युलेटरवरचा सराव वगैरे, पण तिथेही काय नोंदवायचं हे आधी कोणीतरी बसून ठरवावं लागतं आणि ते ठरवायला कोणी बसत नाही. म्हणजे डॅशबोर्डवर जो हिरवागार ग्राफ दिसतो त्याचा अर्थ एवढाच की इतक्या लोकांच्या ब्राउझरने 'पूर्ण' हा शब्द पाठवला. तो जाताना माणूस स्क्रीनसमोर होता की जेवायला गेला होता हे सिस्टिमला माहीत नसतं.

लोकांना मात्र हे पक्कं माहीत असतं. कोर्स म्यूट करून दुसऱ्या टॅबमध्ये चालू ठेवायचा, नेक्स्ट नेक्स्ट करत शेवटाला पोचायचं, क्विझची उत्तरं टीमच्या ग्रुपवर आलेली असतातच, नाही आली तर प्रत्येक प्रश्नातला सगळ्यात लांब पर्याय निवडायचा, बरेचदा तोच बरोबर निघतो कारण लिहिणाऱ्याने बरोबर उत्तरात सगळ्या अटी-शर्ती काळजीने घातलेल्या असतात आणि चुकीची उत्तरं घाईत उरकलेली असतात. यावर संस्थेचा उपाय काय, तर नेक्स्ट बटणाला टायमर लावा, व्हिडिओ पुढे ढकलता येणार नाही असं करा. म्हणजे ज्याला वाचता येतं त्यालाही स्लाइडवरचं वाक्य कोणीतरी संथ आवाजात वाचून दाखवेपर्यंत ताटकळत बसवा. या बाबतीत मी सरळ कर्मचाऱ्यांच्या बाजूने आहे. त्यांना आळशी म्हणणं सोपं आहे पण ते अगदी हिशोबाने वागतायत, संस्थेने 'पूर्ण' मागितलं, त्यांनी 'पूर्ण' दिलं.

मग करायचं काय, तर कामाच्या टोकाकडून सुरुवात करायची. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या मांडायला घेतल्या, लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर त्यांचं वागणं बदललं का, आणि संस्थेला त्याचा परिणाम दिसला का. साठ वर्षं उलटून गेली, ट्रेनिंगवाल्यांना या पायऱ्या तोंडपाठ आहेत, आणि तरी कितीतरी ठिकाणी गाडी पहिल्या पायरीवरच अडकलेली असते, कोर्स कसा वाटला, पाचपैकी किती स्टार. प्लॅनिंग करताना या पायऱ्या वरून खाली उतरायला हव्यात. काय बदललेलं दिसायला हवंय? समजा गोदामातून चुकीचा माल जाणं कमी व्हायला हवंय. त्यासाठी कोणी काय वेगळं करायला हवं? पॅकिंग करणाऱ्याने बॉक्स बंद करायच्या आधी लेबल ताडून बघायला हवं. आज तो का बघत नाही? आणि इथे थांबून खरोखर गोदामात जाऊन उभं राहायचं, मीटिंग रूममध्ये अंदाज बांधायचे नाहीत.

कारण तिथे गेल्यावर कित्येकदा कळतं की हा ट्रेनिंगचा विषयच नाही. लेबल ताडायचं असतं हे त्याला माहीत आहे, पण कोड मुंगीच्या अक्षरात छापलाय, किंवा स्कॅनर एकच आहे आणि तो कायम पलीकडच्या टेबलावर असतो, किंवा तासाला किती बॉक्स काढले यावर त्याला मोजलं जातं आणि ताडत बसला तर तो मागे पडतो. अशा वेळी कितीही सुंदर कोर्स बनवा, त्याने काही होणार नाही, उलट त्या माणसाला एवढंच कळेल की वरच्यांना आपली अडचण कशाशी खातात ते माहीत नाही. अक्षरं मोठी छापा, स्कॅनर आणा, मोजायची पद्धत बदला. फॉर्म चुकीचे भरले जातात म्हणून फॉर्म कसा भरावा याचा कोर्स काढणारी माणसं आहेत, फॉर्मच सोपा करावा हे सुचत नाही, खरं तर सुचतं, पण फॉर्म दुसऱ्या डिपार्टमेंटचा असतो आणि कोर्स आपल्या हातात असतो.

बऱ्याच गोष्टींना तर कामाच्या जागी चिकटवलेलं एक पान पुरतं. वर्षातून दोनदा लागणारी प्रोसेस कोणी कशाला लक्षात ठेवेल, ती लागेल तेव्हा पटकन सापडली पाहिजे. आणि तीच एलएमएसमध्ये सापडत नाही, कारण ती कोर्सच्या पोटात कुठल्यातरी स्लाइडवर असते, आधी लॉगिन करा, पासवर्ड आठवा, कोर्स उघडा, परत पहिल्यापासून नेक्स्ट दाबत जा. त्यापेक्षा माणूस शेजारच्याला विचारतो आणि बरोबरच करतो. तेव्हा कोर्सची यादी करताना दोन ढीग करा, डोक्यात असायला हवं ते एका बाजूला आणि हाताशी असायला हवं ते दुसऱ्या. दुसरा ढीग मोठा निघेल, आणि त्याला कोर्स नको, नीट सर्च होणारी साधी पानं हवीत.

आता गाळून-गाळून जे खरोखर शिकवायलाच हवं ते उरलं. त्याला लागणारी सगळ्यात महाग वस्तू म्हणजे वेळ. क्लासरूम ट्रेनिंगला लोक कितीही नावं ठेवोत, त्यात एक गोष्ट आपोआप व्हायची, माणूस कामावरून उठवला जायचा, त्याच्या जागी दुसरा कोणीतरी बघायचा, आणि त्या दिवसाचा खर्च हिशोबात दिसायचा. ई-लर्निंगने हा खर्च वाचतो असं सांगितलं जातं. हॉलचा, प्रवासाचा, राहण्याचा वाचतो, मान्य. पण माणसाच्या वेळेचा खर्च वाचत नाही, तो गुपचूप त्याच्या संध्याकाळीवर ढकलला जातो आणि कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. 'कधीही, कुठेही शिका' हे जाहिरातीत छान वाटतं, संस्थेत आल्यावर त्याचा अर्थ कामाच्या वेळेत नाही आणि कामाच्या जागी नाही असा होतो.

म्हणून माझ्या मते संस्थेचा पहिला लेखी निर्णय प्लॅटफॉर्मचा नसावा, वेळेचा असावा. कोर्स एक तासाचा असेल तर तो एक तास ड्युटीतला, रोस्टरमध्ये नावासकट टाकलेला, त्या तासात फोन उचलायचा नाही आणि काउंटरवर दुसरा माणूस. हे जमत नसेल तर कोर्स छोटा करा. तेही जमत नसेल तर कोर्स काढूच नका, कारण मग तुम्ही कोणाला शिकवत नाही आहात, फक्त त्याच्या डोक्यावर अजून एक बाकी काम ठेवताय. आणि डेस्कवर बसणाऱ्यांचं सोडा, ज्यांना संस्थेचा ईमेलच नाही, सात-आठ जणांत मिळून एक कॉम्प्युटर आहे, ज्यांची शिफ्ट रात्रीची आहे, त्यांचं काय होतं हे बघितल्याशिवाय 'सर्वांसाठी' हा शब्द वापरू नये. त्यांच्याच फोनवर करा म्हणायचं तर डेटा कोणाचा जाणार, फोनमध्ये संस्थेचं ॲप टाकायची सक्ती करायची का, हे प्रश्न आधी सोडवायचे असतात, कोर्स लाँच झाल्यावर नाही.

सुपरवायझरचं तर विचारूच नका. माणूस कोर्स करून येतो, पहिल्याच दिवशी त्याला ऐकवलं जातं की ते पुस्तकी सोड, इथे असं चालतं. तिथेच विषय संपला. त्यामुळे टीमच्या आधी सुपरवायझरला बसवा, त्याला पटलं का बघा, त्याचे आक्षेप ऐका, त्यातले निम्मे बरोबर असतील आणि कोर्स सुधारतील. नंतर त्याच्याकडून एवढंच मागायचं की महिनाभर ते काम होताना स्वतः बघ आणि चुकलं तर तिथल्या तिथे सांग. त्याच्या कामाच्या यादीत यासाठी जागा हवी, नाहीतर तोही 'पूर्ण' लिहून मोकळा होईल.

कोर्स बनवण्याबद्दल आता, आणि इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण इथे अंदाजपंचे चालायची गरज नसताना सगळं तसंच चालतं. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला फार झपाट्याने विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावत जातो. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी उतारे वाचले, मग काही उतारे परत वाचले आणि काही न बघता आठवून लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत वाचलेलं जास्त आठवत होतं. आठवड्याने घेतली तेव्हा उलटं झालं, आठवून लिहिलेलं पुढे गेलं. आता सांगा, आपल्या कोर्सची क्विझ कधी असते? शेवटची स्लाइड संपल्यावर लगेच. म्हणजे बरोबर त्या वेळी, जेव्हा न शिकलेला माणूस पण शिकल्यासारखा दिसतो. त्या क्विझमधल्या ८० टक्के गुणांवर सर्टिफिकेट छापायचं आणि महिन्याने तोच माणूस तीच चूक करतो म्हणून डोक्याला हात लावायचा.

उपाय महागडा नाहीये. पाऊण तासाचा एक कोर्स देण्याऐवजी पंधरा मिनिटांचा द्या आणि उरलेला वेळ पुढच्या दीड-दोन महिन्यांत वाटून टाका, दोन दिवसांनी तीन प्रश्न, आठवड्याने तीन, महिन्याने तीन, फोनवर आले, दोन मिनिटांत झाले, चुकलं तर का चुकलं ते लगेच दिसलं. हे साध्या मेसेजनेही करता येतं. प्रश्न मात्र कामातले हवेत. 'सुरक्षितता म्हणजे काय, खालीलपैकी योग्य व्याख्या निवडा' असल्या प्रश्नाने कोणाचं बोट वाचत नाही. मशीन अडकलंय, शिफ्ट संपायला वीस मिनिटं आहेत, पार्ट द्यायचाय, मशीन मध्येच चालू होऊ नये म्हणून लॉक लावायला गेलास तर उशीर होणार, काय करशील? असा विचारा, आणि चुकीचे पर्याय असे लिहा की जे खरंच लोक करतात. असे प्रश्न लिहायला ते काम रोज करणारा माणूस सोबत लागतो, एकट्या कंटेंट रायटरला ते जमत नाही, आणि मला विचाराल तर कोर्सच्या बजेटमधला सगळ्यात मोठा हिस्सा ॲनिमेशनवर नाही, या माणसाच्या वेळेवर जायला हवा.

व्हिडिओबद्दल थोडं. रिचर्ड मेयर यांनी वर्षानुवर्षं केलेल्या प्रयोगांतून एक गोष्ट वारंवार आली की चित्रासोबत बोलून सांगितलेलं चांगलं समजतं, पण तेच बोललेलं वाक्य त्याच वेळी स्क्रीनवर पण लिहून ठेवलं तर बहुधा समजायला अडथळा होतो. आपले कोर्स नेमके तसेच असतात, स्लाइडवर परिच्छेद आणि कोणीतरी तोच वाचून दाखवतंय. ज्यांना ऐकू येत नाही, किंवा जे आवाजाच्या जागी काम करतात, किंवा ज्यांची ती भाषा नाही त्यांना सबटायटल हवीतच, डब्ल्यूसीएजी या वेबच्या सुलभतेच्या नियमावलीत रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला सबटायटल ही अगदी पहिल्या पातळीची अट आहे, फक्त ती चालू-बंद करता यावीत. आणि व्हिडिओ सहा मिनिटांपेक्षा मोठा नको हा नियम, तो प्रत्येक व्हेंडर सांगतो. तो आला एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या ६९ लाख व्हिडिओ-सेशन्सच्या २०१४ च्या अभ्यासातून, त्यात लोक साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात असं दिसलं. पण तो आकडा किती वेळ बघितलं याचा आहे, किती शिकले याचा नाही, त्यामुळे तासाच्या व्हिडिओचे दहा तुकडे करून त्याला मायक्रोलर्निंग म्हणणं हे काही उत्तर नाही. एखादा व्हेंडर अमका व्हिज्युअल लर्नर म्हणजे बघून शिकणारा आणि तमका ऑडिटरी म्हणजे ऐकून शिकणारा असं सांगत आला तर त्याला नम्रपणे थांबवा, पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं होतं, त्या वर्गवारीप्रमाणे वेगवेगळं शिकवावं याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही.

ट्रेनरना काढून टाकायची घाई हा एक वेगळाच प्रकार आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००९ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा काढला, त्यात ऑनलाइन शिकणारे समोरासमोर शिकणाऱ्यांपेक्षा किंचित पुढे दिसले, आणि दोन्हींची सांगड घातलेल्या ठिकाणी फरक जास्त होता. विकणारे एवढंच सांगतात. आढावा करणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की त्या ठिकाणी शिकायला वेळ जास्त दिला गेला होता, साहित्य पण जास्त होतं, त्यामुळे फायदा माध्यमाचा आहे असं म्हणता येत नाही. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच हे जरा टोकाचं करून मांडलं होतं, माध्यम म्हणजे किराणा आणणारा ट्रक, ट्रक बदलल्याने पोषण बदलत नाही. मला ते पूर्ण पटत नाही, सिम्युलेटरवर जे करता येतं ते फळ्यावर करता येत नाही हे उघड आहे, पण पीपीटी एलएमएसवर चढवणाऱ्यांना ते शंभर टक्के लागू पडतं. हाताने करायचं काम, माणसाशी बोलायचं काम, चिडलेल्या ग्राहकाला शांत करणं, पेशंटला वाईट बातमी सांगणं, हे स्क्रीनवर फार तर ओळख करून देण्यापुरतं शिकवता येतं. माहिती ऑनलाइन द्या आणि त्यामुळे ट्रेनरचा जो वेळ सुटला तो सराव करून घेण्यात घाला, लोकांना करू दे, चुकू दे, ट्रेनर बाजूला उभा राहून सांगू दे. म्हणजे आहे त्या ट्रेनरचं काम बदलतं, आणि खरं सांगायचं तर ते जास्त अवघड होतं, लेक्चर देणं सोपं असतं.

आणि हजारो कोर्सच्या लायब्ररीचं सबस्क्रिप्शन? घेतलं तर घ्या, पण 'आम्ही लोकांना शिकायची संधी दिली' असं त्यावरून म्हणू नका. एमआयटी आणि हार्वर्डच्या एडएक्सवरच्या कोर्सेसचा अभ्यास २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात आला होता, नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी कोर्स कधी उघडलाच नव्हता आणि २०१७-१८ मध्ये पूर्ण करणारे साधारण ३ टक्के होते. तिथली माणसं स्वखुशीने, फुकट आलेली होती, नोकरीतल्यांशी थेट तुलना नको, पण नुसतं दार उघडं ठेवलं की लोक आत येऊन शिकतात हा समज सोडायला एवढं पुरे आहे.

इतकं सगळं झाल्यावर प्लॅटफॉर्म. आता तो निवडणं सोपं जातं कारण काय हवंय ते माहीत असतं, आणि बरेचदा हवं असतं ते डेमोत दाखवलेल्याच्या पाव हिस्सा. छोट्या संस्थेला वेगळा एलएमएस लागेलच असं नाही, शेअर केलेलं फोल्डर, एक फॉर्म आणि एक एक्सेल शीट यावर खूप काही चालतं. मूडल नावाचा एलएमएस २००२ पासून आहे, ओपन सोर्स आहे, लायसन्सचे पैसे नाहीत, पण फुकट म्हणून घेऊ नका, सर्व्हर, अपडेट, बॅकअप आणि ते सांभाळणारा माणूस याला पैसे लागतात आणि तो माणूस सोडून गेला की काय होतं ते अनुभवलेल्यांना विचारा. व्हेंडरला विचारायचे प्रश्न वेगळेच असतात. करार संपला की आमच्या लोकांच्या नोंदी कुठल्या फॉर्मॅटमध्ये परत मिळणार? तुम्ही बनवलेल्या कोर्सच्या मूळ फाइल्स आमच्या की तुमच्या? एक वाक्य बदलायचं असेल तर आम्ही बदलू शकतो की दर वेळी कोटेशन? मूळ फाइल्सचा मुद्दा किरकोळ वाटतो पण ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला आपलं फ्लॅश हे ॲनिमेशनचं तंत्र बंद केलं तेव्हा फ्लॅशमध्ये बनवलेले जुने कोर्स ब्राउझरमध्ये चालेनासे झाले, आणि ज्यांच्याकडे मूळ फाइल्स नव्हत्या त्यांना तेच कोर्स परत नव्याने बनवून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती तारीख ॲडोबीने २०१७ मध्येच जाहीर केली होती हे विशेष.

प्रत्येक कोर्सवर मालकाचं नाव आणि पुन्हा तपासायची तारीख हवी, मालक म्हणजे एचआर नाही, त्या कामाचा जाणकार. नियम बदलला आणि कोर्स जुनाच राहिला तर संस्था स्वतःच्या खर्चाने चुकीचं शिकवत असते. गुण कोण बघणार हेही आधी सांगून टाका. सरावातल्या चुका जर अप्रेझलमध्ये जाणार असतील तर सराव कोणी करणार नाही, सगळे ग्रुपवरची उत्तरं वापरतील. माझं मत विचाराल तर सरावाचे गुण शिकणाऱ्याशिवाय कोणालाच नावासकट दिसू नयेत, वरच्यांना फक्त कुठला प्रश्न सगळ्यांचाच चुकतोय एवढं दिसावं. त्यातून त्यांना कोर्सबद्दल कळेल, माणसाबद्दल नाही, आणि तेच हवंय.

लाँचच्या आधी पाच-सहा जणांना, तेही उत्साही लोकांना नाही, कंटाळलेल्यांना, कोर्स करायला बसवा आणि शेजारी गप्प बसून बघा. मदत करायची नाही. लॉगिनलाच कोण अडतं, कुठली सूचना तीनदा वाचावी लागते, कुठे हात आपोआप फोनकडे जातो, हे एका दुपारी जेवढं कळतं तेवढं कुठल्याच फीडबॅक फॉर्मवर येत नाही.

आता एआयने तासाभरात कोर्स तयार होतो, व्हॉइसओव्हर, क्विझ, बोलणारा चेहरा सगळ्यासकट. चांगलंय, भाषांतर आणि कच्चा मसुदा यासाठी तो खरंच कामाचा आहे. पण कंटेंट कमी पडतोय म्हणून ई-लर्निंग अडलं होतं असं कधी नव्हतंच. आधी निदान कोर्स बनवायला महिने आणि पैसे जायचे म्हणून कोणीतरी विचारायचं की हा खरंच हवाय का, तो अडसर आता गेला, आणि जिथे वर्षाला चार अनिवार्य कोर्स होते तिथे चाळीस होतील अशी मला भीती आहे. तेव्हा अनिवार्य कोर्सच्या तासांना वरची मर्यादा घाला, माणशी वर्षाला अमुक तास, त्याच्या वर नाही. नवा अनिवार्य कोर्स आणायचा असेल तर जुना कुठला काढताय ते आधी सांगा. डिपार्टमेंट्सना हे आवडणार नाही, प्रत्येकाला आपला विषय सगळ्यांनी शिकायलाच हवा असं वाटतं.

आणि ज्यांनी एलएमएस आधीच घेऊन ठेवलाय, त्यांनी तो फेकून द्यावा असं काही नाही. रिन्यूअलची तारीख काढा, तिच्या तीन महिने आधी त्यावरच्या सगळ्या कोर्सची यादी समोर ठेवा आणि एकेका कोर्सपुढे लिहायला लावा की यामुळे कोणत्या कामात काय फरक पडला आणि तो कोणी पाहिला. कम्प्लीशनचा आकडा तिथे लिहायची परवानगी नाही. ज्या कोर्सपुढे काहीच लिहिता येत नाही आणि जो कुठल्या नियमासाठीही लागत नाही तो त्याच दिवशी बंद करा, आणि उरलेल्या कोर्सना तेवढ्या मोठ्या लायसन्सची गरज आहे का हे मग व्हेंडरशी बोला.